रान दगड झालंय? सबसॉयलर बोलावण्याआधी एवढं बघा

ऊस तुटून गेला, मार्च लागला की माझा फोन सुरू होतो. "दादा, रान लई कडक झालंय, सबसॉयलर घेऊन या." सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस भागात मी सबसॉयलर, म्हणजे ट्रॅक्टरमागे लावून उभ्या दांड्याच्या फाळाने खालचा घट्ट थर फोडायचं अवजार, भाड्याने चालवतो, म्हणजे कुणी बोलावलं तर माझा धंदाच आहे. तरी दहातल्या तीन-चार जणांना मी नको म्हणून सांगतो. त्यांच्या रानाचं दुखणं वेगळंच असतं. आणि ज्यांचं दुखणं खरंच कडक थराचं असतं, त्यातल्या बऱ्याच जणांनी चुकीच्या वेळी बोलावलेलं असतं. मग दोन-तीन वर्षांनी तोच फोन, तेच रान.

मी काळ्या भारी जमिनीतल्या उसाबद्दल बोलतोय. मुरमाड, हलक्या रानाला यातलं बरंच लागू होत नाही.

लक्षणं

पहिलं लक्षण ऐकायला उलटसुलट वाटतं. पाणी दिलं की सरीत दोन-दोन दिवस उभं राहतं, आणि तरीही पाचव्या-सहाव्या दिवशी भर दुपारी ऊस पानं गुंडाळतो. पाणी वर साचतंय पण खाली मुरत नाही. मुळं वरच्या सात-आठ इंचांतच अडकलीत. तेवढी माती सुकली की ऊस तहानेला.

दुसरं म्हणजे लागण बरी येते, खोडवा (तुटलेल्या बुडख्यांतून येणारा दुसरा ऊस) तुटाळ, म्हणजे मधे मधे मोकळा होतो आणि निडव्याचं (त्यानंतरच्या तिसऱ्या उसाचं) तर नावच काढायला नको. युरियाची पोती वाढवली तरी पानाला काळोखी येत नाही. ऊस लोळला आणि बेट उपटून आलं, तर खालची मुळं भाकरीसारखी चपटी पसरलेली दिसतात. नांगरताना ट्रॅक्टर ओरडतो, डिझेल जास्त पितो आणि घमेल्याएवढी ढेकळं निघतात. पाऊस झाल्यावर शेजारच्या रानात वाफसा (ना चिखल ना कोरडी, अशी मशागतीजोगी ओल) आलेला असतो, तुमच्या रानात मात्र बूट रुततो.

यातलं एखादंच लक्षण असेल तर घाई करू नका. तीन-चार एकत्र दिसली तर पुढे वाचा.

बांधावरून एक चक्कर, फुकटची

आधी ऊस कुठे खराब आहे ते बघा. किती खराब आहे ते नंतर. खराब पट्टा ट्रॉली ज्या वाटेने बाहेर पडते त्या वाटेवर, नाहीतर ट्रॅक्टर वळतो त्या टोकाला असेल, तर चाकांनी माती दाबली आहे. खोलगट भागात असेल तर आधी निचऱ्याचा विचार करा. सगळ्या रानात सारखाच असेल तर एकतर वर्षानुवर्षं रोटाव्हेटर एकाच खोलीवर फिरलाय, नाहीतर जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून बिघडलेली, व्हायला लागलीय. आणि मधे मधे गोल ठिपक्यांनी ऊस वाळत असेल तर तिथलं एक बेट हाताने ओढून बघा. अलगद हातात आलं, मुळं कुरतडलेली दिसली, तर ती हुमणी आहे. तिथे मातीतली अळी शोधा, माझा नंबर शोधू नका.

एकाने मला अशाच हुमणीच्या रानात बोलावलं होतं. मी ट्रॅक्टरवरून उतरलो, एक बेट उपटलं आणि चहा पिऊन परत आलो.

सळई

दहा मिलिमीटरची, तीन फूट लांब लोखंडी सळई घ्या. वर आडवी मूठ वेल्डिंग करून घ्या, टोक थोडं निमुळतं करा. भंगारातली सळईसुद्धा चालते. पाणी दिल्यावर किंवा चांगला पाऊस झाल्यावर वाफसा आला की ती सरळ खाली दाबा. ठोकायची नाही, अंगाच्या भाराने दाबायची.

वाफसाच का? काळी माती वाळली की सगळीच दगडासारखी होते आणि ओली असली की सगळीच मऊ लागते. दोन्ही वेळा सळई खोटं बोलते. वाफशाला जिथे अडकेल तिथे खूण करा. सळई सहा-सात इंच सहज गेली, मग तीन-चार इंच जोर लावावा लागला आणि त्यानंतर पुन्हा सैल झाली, तर तोच तो थर. पण एकदा अडकली ती शेवटपर्यंत अडकलीच, तर खाली मुरूम किंवा चुनखडी असू शकते, नाहीतर पाणी तिथवर पोचलेलंच नाही. हे कोडं पुढच्या खड्ड्यात सुटतं.

रानात दहा-बारा ठिकाणी बघा. एक ठिकाण मात्र चुकवू नका, तुमचा बांध. बांधावर कधी ट्रॅक्टर फिरत नाही. तिथे सळई दीड फूट जात असेल आणि आत सातच इंच, तर रान जन्मापासून तसं नाही, आपण ते तसं केलंय. दोन्हीकडे सारखीच अडकली तर ती जमिनीची जात आहे. नांगराने ती बदलत नाही.

दोन फुटांचा खड्डा

इथे लोक कंटाळा करतात, आणि खरं उत्तर इथेच मिळतं. खराब जागी दोन बाय दोन आणि दोन फूट खोल खड्डा घ्या. एक भिंत खुरप्याने साफ करा. पिकाव किंवा टिकाव मारलेली भिंत चोपली जाते, ती बघून काही कळत नाही. मग साध्या सुरीचं टोक वरपासून खाली इंचाइंचाला टोचत या. कुठे घुसायला त्रास होतो ते हाताला लगेच कळतं.

मुळ्या बघा. सरळ खाली निघालेली मुळी एका ठिकाणी आडवी वळून थराच्या पाठीवरूनच चालली असेल तर शंका ठेवायची गरज नाही. त्या थरातलं ढेकूळ हातात घेऊन मोडा. चांगली माती कशीही फुटते, कणाकणाने सुटते. दाबलेली माती पोह्यांसारख्या आडव्या पापुद्र्यांनी सुटते आणि भोकं जवळजवळ नसतातच.

आता रंग. राखाडी-निळसर मातीत तांबडे ठिपके असतील, आंबूस वास येत असेल, तर तिथे बराच काळ पाणी तुंबून राहतं. खड्डा रात्रभर तसाच ठेवा. सकाळी तळाला पाणी झिरपून आलं असेल तर सबसॉयलरचं नावही काढू नका. हे काम निचऱ्याचं आहे, त्याबद्दल शेवटी सांगतो.

थर का होतो हेही याच खड्ड्यात दिसतं. पाच-सहा इंचांवर असेल तर तो रोटाव्हेटरचा. पाती वरची माती भुसभुशीत करतात आणि खालचा तळ चोपतात. आठ-दहा इंचांवर असेल तर तो नांगराचा. पलटी नांगर मारताना ट्रॅक्टरचं मागचं एक चाक आधीच्या तासाच्या (नांगरलेल्या ओळीच्या) तळातूनच चालतं, म्हणजे दर फेरीला आपण आठ इंच खालची माती थेट टायरखाली घालतो. आणि दीड फुटापर्यंत सगळंच घट्ट असेल तर तो उसाच्या ट्रॉलीचा. आठ-दहा टन ऊस भरलेली ट्रॉली ओल्या रानातून एकदा गेली तरी पुरे, बहुतेक दाब पहिल्याच फेरीत बसतो. रुंद टायर लावले की वरच्या मातीला आराम मिळतो. खाली किती दाब पोचतो ते एका आसावर किती वजन आहे यावर ठरतं. त्याला टायर काही करू शकत नाही.

ग्लासातलं ढेकूळ

ही तपासणी मला एका कृषी सहायकाने दाखवली आणि तेव्हापासून मी कुणाकडेही ती केल्याशिवाय फाळ टेकवत नाही. काचेचा ग्लास घ्या. त्यात पावसाचं साठवलेलं पाणी, नाहीतर बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी ओता. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खरं उत्तर झाकून टाकतात. खड्ड्यातल्या घट्ट थरातलं हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद आत सोडा. ढवळू नका, हलवू नका.

ढेकूळ विरघळून तळाला भुगा झाला पण पाणी नितळ राहिलं, तर सेंद्रिय खत कमी पडलंय एवढंच. पण तास-दोन तासांत ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला, तर मातीत सोडियम वाढलाय. जमीन चोपण होतेय. अशी जमीन फोडली तर पहिल्याच पाण्याला चिकणमातीचे कण सुटून भेगांत भरतात आणि थर पुन्हा बंद होतो. तुमचे पैसे त्या पाण्यासोबत वाहून जातात.

ढग दिसला तर माती तपासायला द्या. नमुने दोन घ्या, वरच्या एका फुटाचा वेगळा आणि एक ते दोन फुटांचा वेगळा. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ बाबी असतात. त्यात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, अन्नद्रव्यं सगळं येतं, पण मातीला चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण येत नाही. ते 'ईएसपी' म्हणून वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. ते १५ च्या वर आणि सामू ८.५ च्या वर गेला तर जमीन चोपण समजतात. एका एकराच्या भाड्यापेक्षा ही तपासणी स्वस्त पडते, तरी लोक भाडं आधी देतात.

थर आहे, माती चोपण नाही, पाणीही लागलं नाही. आता?

तरीसुद्धा लगेच लोखंड नको. थर पाच-सात इंचांवरचा आणि पातळ असेल तर आधी स्वस्तात निघतोय का बघा. काळ्या मातीचा एक गुण आहे. ती वाळली की आकसते, भेगाळते आणि स्वतःच स्वतःला फोडते. निडवा गेला की एप्रिल-मे दोन महिने रान नुसतं तापू द्या. पाणी नाही, रोटाव्हेटर नाही. हात घालता येतील अशा भेगा पडतात. जूनमध्ये ताग किंवा धैंचा टाका आणि दीड महिन्याने फुलायच्या बेताला गाडा. फेरपालटाला तूर घेता आली तर सोन्याहून पिवळं. तिचं सोटमूळ खोल उतरतं आणि कुजलं की तिथे पाण्याला वाट राहते. खोडव्याचं पाचट जाळू नका, सरीत दाबा. हे सगळं हळू चालतं, पण टिकतं.

घाई नसेल तर एक हंगाम एवढंच करून पुन्हा सळई घाला. आठ-नऊ इंचांच्या खाली जाड थर असेल, किंवा ट्रॉलीने दीड फुटापर्यंत दाबलं असेल, तर मात्र सबसॉयलर लागतो.

ओल बघितल्याशिवाय फाळ टेकवू नका

थर सबसॉयलर फोडतो असं सगळ्यांना वाटतं. खरं तर तो फुटतो मातीच्या वाळलेपणामुळे. फाळ खालून उचल देतो आणि वाळलेली माती दोन्ही बाजूंना तडकत जाते. ओली माती तडकत नाही, ती दबते.

हे मी स्वतःच्या रानात पैसे मोजून शिकलोय. २०१९ च्या महापुरानंतर आमचं नदीकाठचं रान गाळ बसून घट्ट झालं होतं. डिसेंबरात वरची माती पांढरट सुकली, मी म्हटलं हीच वेळ. दांडा खरवसात चमचा जावा तसा गेला. इंजिनला जोर पडेना आणि मी खूश. मग सहज म्हणून फाळ गेलेल्या एका ओळीत खोदून बघितलं. दीड फूट खोल एक अरुंद चीर होती आणि तिच्या दोन्ही भिंती सारवल्यासारख्या गुळगुळीत चकाकत होत्या. बाजूला एक भेग नाही. वरून ट्रॅक्टरच्या चाकांनी जे दाबलं ते वेगळंच. त्या लागणीला पाणी चिरीत उतरायचं आणि तिथेच थांबायचं. पुढच्या मे महिन्यात तेच रान पुन्हा फोडावं लागलं.

म्हणून ज्या खोलीवर फाळ चालणार आहे तिथली मूठभर माती काढा आणि दोन तळव्यांत वळा. तीन मिलिमीटरची, म्हणजे आगकाडीहून थोडी जाड, अशी न तुटणारी वात झाली तर माती ओली आहे. दोन आठवडे थांबा. वळताना तुकडे पडायला लागले तर चालेल. आमच्याकडे बहुतेक वेळा एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेअखेर हा काळ जमतो. वळवाचा एखादा दणका झाला की पुन्हा तपासायचं.

फोडताना

खोली थराच्या तळापेक्षा दोन-तीन इंच जास्त, बस. दहा इंचांवर थर सुरू होऊन चौदाला संपत असेल तर सोळा-सतरा इंच पुरे. "दादा, पूर्ण दोन फूट घाला" असं सांगणारे भेटतात. उगाच खोल गेलं तर डिझेल जळतं, आणि एका हद्दीपलीकडे माती वर उचलली न जाता बाजूला दाबली जाते. फाळाच्या दोन तासांमधलं (ओळींमधलं) अंतर साधारण खोलीएवढं ते दीडपट धरा. त्याहून लांब गेलात तर मधला पट्टा तसाच राहतो. एका दांड्याला आमच्या मातीत पन्नास एचपीचा ट्रॅक्टर लागतो, त्याहून लहान ट्रॅक्टर चाकं घसरवत फिरतो आणि वरचा थर नव्याने चोपतो.

आधी एकच तास मारा आणि उतरा. पृष्ठभाग दोन्ही बाजूंना थोडा उचललेला आणि तडकलेला दिसला पाहिजे. आडवं खोदून बघा, भेगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वर पसरत गेल्यात का. माझ्या डिसेंबरसारखी नुसती चीर दिसली तर मशीन परत पाठवा. चालकाला राग येईल, येऊ दे. मी स्वतः चालक आहे म्हणून सांगतोय.

तासांची दिशा पाणी बाहेर काढणाऱ्या चराकडे ठेवा, आणि चर आधी काढून ठेवा. फोडलेल्या तासांतून पाणी वाट काढत उतारावरच्या खालच्या टोकाला जमतं. तिथे बाहेर पडायला जागा नसेल तर वरचं रान सुधारतं आणि खालचं अर्धा एकर दलदल होतं.

फोडून झालं की ढेकळं दिसतात म्हणून लगेच रोटाव्हेटर घालायचा मोह होतो. तो आवरा. वळवाच्या पावसाने ढेकळं विरघळतात, नाहीतर कुळव चालवा. पहिलं पाणी हलकं द्या. आणि लागण करताना सरी साडेचार-पाच फुटांची ठेवा, म्हणजे आंतरमशागतीचं चाक सरीतच राहील, बेटावर चढणार नाही. तोडणीच्या वेळी ट्रॉलीला एकच वाट आखून द्या. टोळीचा मुकादम कुरकुर करतो, कारण त्याला मोळ्या लांबून आणाव्या लागतात. मी त्या वाटेच्या चार ओळी बुडाल्या असं धरून चालतो आणि पुढच्या वेळी फक्त तेवढीच पट्टी फोडतो. रान ओलं असेल तर ट्रॉली अर्धीच भरून बांधापर्यंत आणायची, उरलेली रस्त्यावर भरायची. एवढं केलं तर फोडलेलं रान तीन-चार वर्षं टिकतं. नाही केलं तर पहिल्याच तोडणीला परत दगड.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

रानातून उपसा सिंचनाची पाइपलाइन, वीजपंपाची केबल किंवा गॅसची लाइन गेली असेल आणि तिची नेमकी जागा व खोली माहीत नसेल, तर फाळ टेकवूच नका. "बहुतेक बांधाकडेने आहे" यावर माझा आता विश्वास नाही. लाइन ज्यांची आहे त्यांना बोलावून खुणा करून घ्या.

फाळ अडकला, ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलायला लागली, तर क्लच दाबा आणि थांबा. ओढून काढायला साखळी लावायची तर ती खालच्या ड्रॉबारलाच. आसाला किंवा टॉप लिंकला बांधली तर ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. शिअर बोल्ट सारखा तुटत असेल तर जाड बोल्ट घालू नका. तो तुटण्यासाठीच आहे. खाली खडक किंवा चुनखडीचा थर आहे असं समजा आणि तिथलं काम सोडा.

खड्ड्यात पाणी लागलं, ढेकळाभोवती ढग आला किंवा ईएसपी १५ च्या वर निघाला, तर पुढचं काम ट्रॅक्टरवाल्याचं नाही. जिप्सम किती टाकायचं ते माती बघून ठरतं, आणि सुटलेला सोडियम वाहून जायला निचरा नसेल तर टाकलेलं जिप्समही वाया जातं. जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकायचे तर उतार, खोली आणि दोन पाइपांमधलं अंतर मोजून आखावं लागतं. सांगली भागातल्यांना कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र जवळ आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. क्षारपड जमिनीवर आणि निचऱ्यावर तिथे काम चालतं. माती तपासणीसाठी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडेही जाता येतं. बाकीच्यांनी आपल्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र गाठावं.

आणि योग्य ओलीवर, योग्य खोलीवर फोडूनही दुसऱ्या वर्षी सळई तिथेच अडकली, तर तिसऱ्यांदा मला फोन करू नका. जाणकाराकडे जाताना मोकळ्या हाताने जाऊ नका. सळईच्या दहा-बारा नोंदी, बांधावरची एक नोंद, खड्ड्याच्या भिंतीचा शेजारी टेप धरून काढलेला फोटो आणि दोन खोलींचे नमुने एवढं न्या. विहिरीच्या पाण्याची एक बाटलीही सोबत असू दे, कारण बऱ्याचदा पाणीच खराब निघतं.